वर्दी उतरवल्यावर

(प्रस्तावना)

१९८९ साली दूरदर्शनवर ‘फौजी’ ही मालिका लागली आणि शाहरुख खान नावाचा दिल्लीचा एक नवखा नट अभिमन्यू राय म्हणून घरोघरी पोचला. शाहरुखने सैन्यात एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. मालिका बनवणारे कर्नल राजकुमार कपूर मात्र अस्सल फौजी. २०१९ साली ते गेले, तेव्हा बातम्यांतली त्यांची ओळख ‘शाहरुखला पहिली संधी देणारे’ एवढीच उरली होती.

‘फौजी’ आली त्या वर्षी रविवार सकाळच्या ‘महाभारता’नेही देश टीव्हीसमोर बसवला होता. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ही मालिका चालली. तिच्यात फासे टाकणारा शकुनी म्हणजे गुफी पेंटल, एकेकाळचे सैनिक. गदा पेलणारा भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती, सीमा सुरक्षा दलाचे अधिकारी. आणि आर. के. लक्ष्मण यांच्या ‘वागळे की दुनिया’त जे अच्युत पोतदार दिसत, ते सैन्यातून कॅप्टन म्हणून बाहेर पडलेले मराठी गृहस्थ. हे तिघे सैन्यातले किंवा सीमेवरचे आहेत, हे प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

म्हणजे गंमत अशी, की ज्यांनी खरी वर्दी घातली ते लोकांच्या लक्षात राहिले शकुनी, भीम आणि ‘थ्री इडियट्स’मधला प्राध्यापक म्हणून. आणि ज्यांना आपण फौजी म्हणून डोक्यावर घेतले त्यांची वर्दी कंपनीच्या शिंप्याने शिवलेली होती. पुढच्या पानांचा विषय हाच आहे. दूरदर्शनच्या जुन्या काळातल्या कलावंतांची सैनिकी नोकरी कशी होती, तिथे त्यांनी काय शिकून घेतले आणि त्यातले काय पडद्यावर आले, याचा हा शोध आहे.

हा विषय भंडाऱ्यात बसून का लिहावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शस्त्र आणि रंगमंच या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याच्या घरच्या आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाने दारूगोळ्याचे कारखाने वाढवले, त्या काळात जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. तोफांना आणि बंदुकांना लागणारी प्रणोदक दारू इथे बनते. दुसरीकडे, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री खडी गंमत नाहीतर नाटक. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या पट्ट्यात झाडीपट्टीचा नाट्यहंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपवून प्रेक्षक घरी जातो तेव्हा उजाडायला आलेले असते. पलटणीतला पोरगा छुट्टी टाकतो तीही शक्यतो मंडईच्या आठवड्यात. मंडईच्या गर्दीत सुट्टीवरचा जवान आणि तोंडाला रंग लावलेला नट एकाच टपरीवर चहा पिताना दिसणे ही इथे नवलाईची गोष्ट नाही. नवल एवढेच, की या दोन जगांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे आपण कधी नीट विचारले नाही.

आधी एक मोजपट्टी ठरवून घेऊ, कारण या विषयात भेसळ फार होते. आपल्याकडे फॅक्टरीत नोकरी करणाऱ्यालाही ‘डिफेन्समध्ये आहे’ म्हणतात. त्याचे काम जोखमीचे असते यात शंका नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटात आठ कामगार गेले, तो दिवस जिल्हा विसरणार नाही. पण कामगार आणि सैनिक या दोन वेगळ्या सेवा आहेत, आणि दोघांचा मान राखायचा तर दोघांची सरमिसळ करू नये. निळू फुले तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. संस्था लष्कराची, पण त्यांची नोकरी बागेतली. त्यांना सैनिक म्हणणे खुद्द निळूभाऊंनाच रुचले नसते. आणखी एक प्रकार मानद हुद्द्याचा. सैन्य एखाद्या खेळाडूला किंवा नटाला सन्मानाने हुद्दा देते; तो सन्मान आहे, नोकरी नव्हे. या लेखनात पहिला मान प्रत्यक्ष नोकरी केलेल्यांना आहे. बाकीच्यांची नावे येतील, पण त्यांच्या त्यांच्या जागी.

आता गुफी पेंटल यांच्याकडे वळू. त्यांचे पाळण्यातले नाव सरबजीत. १९६२ चे युद्ध पेटले तेव्हा ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि तिथून ते सैन्यात गेले. पुढे मुलाखतीत त्यांनी सांगितलेली आठवण अशी: चीनच्या सीमेवर करमणुकीला ना टीव्ही, ना रेडिओ. मग जवानच रामलीला करायचे. त्यात गुफी सीता व्हायचे. रावण झालेला जवान चक्क स्कूटरवरून यायचा आणि सीतेला पळवून न्यायचा.

या प्रसंगापाशी जरा थांबायला हवे. थंडीने कडकडलेली छावणी, समोर दिवसभर पहारे दिलेले जवान, रंगमंच म्हणून एक मोकळी जागा. पुष्पक विमान कुठून आणायचे? युनिटमध्ये स्कूटर आहे, तर स्कूटर! प्रेक्षकांना कथा पाठ आहे, रावण कसा येणार हेही माहीत आहे, तरी स्कूटरचा आवाज आला की हशा पिकणारच. हातात असेल त्या वस्तूवर प्रसंग उभा करायचा आणि समोरच्याचा थकवा पाच मिनिटांसाठी का होईना उतरवायचा, हे शिक्षण कोणत्या नाट्यशाळेत इतक्या रोकड्या पद्धतीने मिळते? पुढे ‘महाभारता’त गुफींनी नुसता शकुनी रंगवला नाही; मालिकेतल्या भूमिकांसाठी माणसे निवडण्याचे कामही त्यांच्याकडे होते. कोणता माणूस कुठे बसेल हे ओळखण्याची नजर पलटणीत तयार झाली असेल, असे मानायला जागा आहे. ५ जून २०२३ रोजी ते गेले. बातम्यांत शकुनी होता. सीमेवरची सीता एखाद-दुसऱ्या ओळीत आली.

सीता पुरुषाने व्हावी यात भंडाऱ्याच्या वाचकाला मुळीच वावगे वाटणार नाही. खडी गंमतीत लुगडे नेसून, चाळ बांधून नाचणारा नाच्या पुरुषच असतो. दंडारीतही स्त्रीची सोंगे पुरुष घेत आले. गावात बायकांनी उभ्याने नाचावे ही सोय नव्हती, आणि छावणीत बायकाच नव्हत्या. दोन्हीकडे अडचण सारखी, तोडगाही सारखा. गावाकडून भरती झालेला जवान हा तोडगा बरोबर घेऊनच पलटणीत जात होता. लोकनाट्य आणि सैनिकी करमणूक यांचे नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही, ते इथे सापडते.

भीमाची गोष्ट निराळी. प्रवीणकुमार सोबती पंजाबचे. सीमा सुरक्षा दलात नोकरी आणि मैदानावर थाळीफेक, हातोडाफेक. १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत त्यांनी थाळीफेकीचे सुवर्णपदक घेतले. १९६८ च्या मेक्सिको आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून उतरले. १९६७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे खेळाडू घडतो तो फार वेळा सैन्याच्या, पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या नोकरीत, कारण तिथे पगार, आहार आणि सराव एकत्र मिळतात. ‘महाभारता’ला भीम हवा होता तेव्हा हे शरीर तयार होते आणि ते दलाच्या मैदानावर तयार झाले होते. कोट्यवधी लोकांनी भीम पाहिला. त्यातल्या किती जणांनी आशियाई सुवर्ण पाहिले होते? ७ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव अच्युत पोतदारांचे. जन्म १९३४ चा, जबलपूरचा, बालपण इंदूरला. म्हणजे मध्य प्रांतातल्या मराठी घरांची जी एक जुनी वस्ती आहे, तिच्यातले. नागपूर-भंडाऱ्याच्या लोकांना ही घरे परकी नाहीत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि भंडारा एकाच राज्यात होते. अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, रीव्याला प्राध्यापकी, मग सैन्य. १९६७ साली कॅप्टन असताना ते बाहेर पडले आणि इंडियन ऑइलमध्ये जवळपास पंचवीस वर्षे नोकरी करून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. चित्रपटांकडे ते वळले तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. नोकरी सांभाळून ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’, ‘वागळे की दुनिया’. आणि वयाच्या पंचाऐंशी पुढे झी मराठीच्या ‘माझा होशील ना’ मालिकेतले आप्पा. ‘थ्री इडियट्स’मध्ये पुस्तकाची लांबलचक व्याख्या ऐकून वैतागलेला त्यांचा प्राध्यापक तर मोबाइलच्या पिढीलाही तोंडपाठ झाला.

पोतदारांच्या वाट्याला मोठ्या भूमिका आल्या नाहीत. बाप, वकील, प्राध्यापक, कचेरीतला साहेब. दोन-तीन मिनिटे पडद्यावर यायचे, आपले काम चोख करायचे आणि बाजूला व्हायचे. सव्वाशेच्या वर चित्रपटांत ही शिस्त त्यांनी पाळली. मिळालेली जागा लहान म्हणून कुरकुर नाही आणि मोठ्या नटासमोर दबणेही नाही. सैन्यात अधिकाऱ्याला हेच सांगतात: तुझा मोर्चा केवढाही असो, तो तुझा आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ते गेले. एवढ्या भूमिकांतून एखादी तरी दुसऱ्या कोणाला देऊन पाहा, चित्रपट थोडा लंगडतो. सहनटाची हीच खरी पावती.

छावणीतल्या करमणुकीतून थेट टीव्हीपर्यंत गेलेली सर्वांत सरळ वाट मात्र आपल्याच महाराष्ट्रातून निघते, आणि ती इंग्रजांनी दाखवली हे कबूल केले पाहिजे. नाशिकजवळचे देवळाली हे गोऱ्या सैनिकांच्या मुक्कामाचे ठाणे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत पलटणी तिथे पडून राहायच्या. या रिकामपणावर उतारा म्हणून तोफखान्याच्या सैनिकांचे कलापथक असे: गाणी, नकला आणि अर्थातच बायकांच्या वेषातले शिपाई. जिमी पेरी नावाचा तरुण अशा पथकात देवळालीला होता. पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्याबरोबर त्याने बीबीसीसाठी एक विनोदी मालिका लिहिली. क्रॉफ्टही युद्धकाळात सैन्यात होते. १९७४ ते १९८१ अशी ही मालिका चालली आणि तिची कथा १९४५ च्या देवळालीतच सुरू होते. तिच्यातले रंगी राम हे हिंदुस्थानी पात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने रंग फासून केले. बेट्स झाशीला जन्मलेले, युद्धात गुरखा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढलेले, हिंदुस्थानी बोलणारे. तरी त्या रंगावर पुढे रास्त टीका झाली आणि बीबीसीने मालिका पुन्हा दाखवणे टाळले. छावणीच्या आठवणीत हसू असते तशी आंधळी जागाही असते, याचा हा नमुना.

पश्चिमेकडे अशी नावे ढिगाने मिळतात, कारण दुसऱ्या महायुद्धात तिथली अख्खी तरुण पिढीच गणवेशात गेली होती. ‘स्टार ट्रेक’चा स्कॉटी झालेले जेम्स डूहन कॅनडाच्या तोफखान्यात होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्याच दिवशी गोळ्या लागून त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट गेले. छातीवरची गोळी खिशातल्या सिगारेटच्या डबीने अडवली. पुढे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर ते हात असा ठेवत की तुटके बोट दिसू नये. आपल्याकडे अशी सक्तीची भरती कधी झाली नाही. सैन्यात जाणे हा इथे पोटाचा किंवा मनाचा निर्णय होता. म्हणून आपली यादी लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच तिच्यातला प्रत्येक माणूस नीट पाहता येतो.

या यादीत बायका का नाहीत, हा प्रश्न वाचक विचारील आणि त्याने तो विचारावाच. भारतीय सैन्याने वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून इतर शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतले ते १९९२ पासून. ‘महाभारत’ संपून तेव्हा दोन वर्षे झाली होती. जुन्या दूरदर्शनच्या काळात सैन्यातून पडद्यावर येणारी बाई असण्याची वाटच जवळजवळ बंद होती. पुढच्या पिढीवर असे पुस्तक लिहिणाऱ्याला ही सबब चालणार नाही.

उलट्या वाटेने गेलेला एक मराठी नट मात्र टाळता येत नाही. नाना पाटेकर आधी नट झाले, मग त्यांनी वर्दी घातली. १९८६ च्या माउंटबॅटन यांच्यावरील ब्रिटिश टीव्ही मालिकेत त्यांनी नथुराम गोडसे केला होता. ‘प्रहार’ (१९९१) दिग्दर्शित करण्याआधी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर खडतर प्रशिक्षण घेतले आणि प्रादेशिक सेनेत कॅप्टनचा हुद्दा मिळवला. प्रादेशिक सेना ही १९४९ साली उभी राहिलेली नागरिकांची सेना. आपला कामधंदा सांभाळून वर्षातले काही दिवस द्यायचे. १९९९ साली कारगिल पेटले तेव्हा संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी बोलून आपण सीमेवर गेलो, असे नानांनी मुलाखतींत सांगितले आहे. ‘प्रहार’मधला मेजर चव्हाण पाहताना जाणवते ते अंगाचे वळण. पाठ ताठ कशी ठेवावी हे दिग्दर्शक सांगू शकतो. पण पळून पळून थकलेल्या माणसाची पाठ ताठ कशी राहते, हे मैदानावरच कळते.

आता एक धोक्याची सूचना. सैन्याचे नाव लागले की माणूस मोठा दिसतो, म्हणून या विषयाला दंतकथांची वाळवी फार लवकर लागते. अमेरिकेत मुलांचा लाडका कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स हे पूर्वी नेमबाज कमांडो होते, अशी अफवा वर्षानुवर्षे फिरली. ते कधीही सैन्यात नव्हते. याच्या नेमके उलट बिया आर्थर यांचे. ‘गोल्डन गर्ल्स’ची ही अभिनेत्री सैनिकी नोकरी केल्याचे नाकारत राहिली, २००९ साली ती गेल्यावर कागदपत्रे बाहेर आली आणि कळले, की दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेच्या मरीन दलात ट्रक चालवत होती. एकाला न केलेली नोकरी चिकटली आणि दुसरीने केलेली नोकरी झाकली. दोन्ही वेळा निकाल लावला तो कागदाने. आपल्या कलावंतांबद्दलही हाच नेम धरावा. हुद्दा, पलटण, भरतीचे साल आणि निवृत्तीचे साल या चार गोष्टी जुळल्याशिवाय कोणाला शूर म्हणू नये आणि कोणाला खोटेही ठरवू नये.

या सगळ्यातून मला दिसते ते असे. सैनिकी नोकरीने या माणसांना शौर्याची आयती भूमिका दिली नाही. तिने तीन साधी कौशल्ये दिली: ठरल्या वेळेला हजर राहणे, आपल्या वाट्याचे काम लहान-मोठे न म्हणता उरकणे आणि थकल्या माणसांसमोर उभे राहून त्यांना हसवणे. यातले तिसरे सर्वांत अवघड. तिकीट काढून आलेला प्रेक्षक आधीच अर्धा राजी असतो. पहाऱ्यावरून उतरलेला जवान किंवा दिवसभर धान कापून मंडईला आलेला शेतकरी तसा राजी नसतो. त्याला रात्र जागवायला लावणे ही झाडीपट्टीच्या नटाचीही रोजची परीक्षा आहे. म्हणून सीमेवरच्या रामलीलेतला गुफी पेंटल आणि लाखांदूरच्या मांडवातला नट हे मला एकाच शाळेचे विद्यार्थी वाटतात.

शेवटी जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात निवृत्त होऊन आलेले फौजी आहेत. त्यातल्या कोणी पलटणीच्या बड्या खान्याला नकला केल्या असतील, कोणी सीमेवर स्त्रीपार्ट केला असेल, कोणी परत येऊन दंडारीत ढोलकी धरली असेल. त्यांच्याकडे जा. त्यांचे डिस्चार्ज बुक पाहा, पलटण आणि सालाची नोंद घ्या, नाटकाचे नाव आणि भूमिका लिहून ठेवा, फोटो असेल तर त्यामागे नावे लिहा. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मोठ्या नटांच्या मुलाखती कोणीतरी घेतच असते. आपल्या माणसांच्या आपण घेतल्या नाहीत तर दुसरे कोणी घेणार नाही. येत्या मंडईला जाल तेव्हा वही बरोबर ठेवा.